घाणेरीखालचं खाचर

"वडू नगा आबा, वडू नगा! तुटंल ती, आन् मूळ ऱ्हाईल आत!"

गेणबा ओरडला तशी हैबतरावांनी हातातली घाणेरीची फांदी सोडून दिली. त्यांनी सोडली, पण घाणेरी कुणाला अशी सोडते होय? एक काटा कोपरीच्या बाहीत अडकला, दुसरा धोतराच्या सोग्यात, आणि म्हातारा जागच्या जागी अडकून उभा. गेणबाने कुदळ टाकली, हाताला गुंडाळलेलं गोणपाट सोडलं आणि एकेक काटा हलक्या हाताने काढून दिला.

"बांधावर बसा जरा. येवढं खोड निगालं का भाकरी खाऊ."

"बसून काय करू? मी बसलो म्हनून तर ही माजली," हैबतराव म्हणाले, आणि कोयता घेऊन पुन्हा काटक्या तोडायला लागले.

गेणबा हसला. त्याने खोडाभोवतीची माती उकरली, पहार खाली घातली आणि सगळा भार टाकून ती दाबली. खोड हललं, पण वर येईना. तो गुडघ्यावर बसला आणि हाताने चाचपत एकेक मूळ मोकळं करायला लागला. घाणेरीच्या पाल्याचा तो उग्र, डोक्यात जाणारा वास त्याच्या अंगाला कायमचा चिकटला होता. त्याची बायको गंगू म्हणायची, तुमी आंगुळ करा न्हाईतर नगा, तुमचा वास दारातनंच कळतुया.

ही जमीन हैबतरावांची. धरण व्हायच्या आधी त्यांच्या घराची आंबेमोहराची खाचरं खाली नदीकाठाला होती. नुसता भात शिजला तरी आळीला कळायचं, असा तांदूळ. धरणाचं पाणी तुंबलं आणि घरदार, खळं, खाचरं सगळं त्याच्या पोटात गेलं. हैबतरावांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. उरली ती वर डोंगराच्या अंगाला ही चार खाचरं. पुढे लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, पोटासाठी काही वर्षं पुण्याला वखारीत लाकडं वाहिली, बायको तिकडेच वारली. मग म्हातारपणी गावाकडे येऊन बघतात तो खाचरं दिसेचनात! बांध कुठला, वाट कुठली, काही कळायला मार्ग नाही. नुसती घाणेरी, माणसाच्या डोक्यावर गेलेली. आत रानडुकरं बिनघोर नांदत होती.

आता घाणेरी ही काय चीज आहे हे ऐकून कळायचं नाही, ज्याने उपटली त्यालाच विचारावं. दिसायला फुलं मोठी गोजिरी, तांबडी-पिवळी. पोरं तिची काळी फळं खाऊन जिभा रंगवतात. पण गुरं तिला तोंड लावत नाहीत, वरून छाटली की खालून दसपट फुटते, आणि पाखरं फळं खाऊन तिचं बी रानभर टाकत हिंडतात. पहिल्या वर्षी या दोघांनी तिचा राब केला. भाताच्या रोपाआधी जमीन भाजायची ही मावळातली जुनी रीत, फांद्या-पाला पसरून पेटवून द्यायचा. या शहाण्यांना वाटलं, आयता राब मिळाला, उभीच्या उभी जाळून टाकू. जळालीही झकास! डोंगराचा तेवढा तुकडा काळाठिक्कर पडला आणि दोघं खुशीत घरी गेले. मग पावसाचे चार शिंतोडे पडतात न पडतात तोच भाताच्या आधी घाणेरीचेच कोंब वर आले. हैबतराव कपाळाला हात लावून बसले. त्या दिवशी गेणबाने कानाला खडा लावला. जाळायची नाही, छाटायची नाही. एकेक खोड मुळासकट खणायचं, भले सात जन्म लागोत.

दोघांतली बोली बांधावर बसून, तंबाखू मळता मळता झालेली होती. घाणेरी काढायची, निघेल त्या खाचरात भात लावायचा आणि पिकेल ते निम्मं-निम्मं घ्यायचं. गेणबा वरच्या वाडीतला. त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आजा दुसऱ्याच्या बांधावर राबला, बाप राबला, तसाच हाही. तीन सालांत तीन खाचरं निघाली. आता चौथं तेवढं राहिलं होतं, सगळ्यात वरचं आणि सगळ्यात दाट.

खोड निघालं. गेणबाने ते उचलून बांधावर उलटं ठेवलं, मुळं आभाळाकडे करून, म्हणजे उन्हाने मरतील. मग दोघं एका फडक्यावर भाकरी खायला बसले. मिरचीचा खर्डा एकाच्या भाकरीवर होता, कांदा दुसऱ्याच्या. दोन्ही न विचारता इकडून तिकडे गेलं.

अशात कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन! पौडच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. गंगू बाजारातून आली ती डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच बोलायला लागली.

"अवं, ऐकलं का? जो कसतोय त्येच्या नावावं जमीन व्हनार. सायेब येनार हाय चावडीत इचारायला. अर्धेलीनं केली तरी कूळच म्हनत्यात. म्हंजी आपली ती तीन खाचरं..."

"आपली न्हाईत ती," गेणबा म्हणाला.

"मग कुनाची? हात बगा जरा सोताचा. हाताला कातडं ऱ्हायलंय का?"

"गंगे, म्हाताऱ्याचं समदं पान्यात गेलं. ऱ्हायलंय ते येवढंच. ते बी मी काढून घ्यू?"

"मी काय चोरी करा म्हनतीया? सरकार देतंय! आपली कमळ उद्या नवऱ्याच्या घरी जाईल, पन तिला म्हायेराला याया एक बांध तरी नगं का? जलमभर कुनाच्या दारात उबं ऱ्हायाचं आपून? लक्षुमी चालत आली न् तुमी कवाड लावताय!"

खोटं कशाला बोला, गेणबालाही जमीन हवी होती. कुणाला नको असते? दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच खालच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. माती काळीभोर, लोण्यासारखी झाली होती. तीन सालांपूर्वी इथे पाय ठेवायला जागा नव्हती. 'माझं,' त्याने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. शब्द इतका गोड लागला की त्याला भीती वाटली. मग त्याला हैबतराव आठवले. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून ते कधी बसत नसत, भाकरी खातानासुद्धा पाठ करून बसत. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो तसाच हैबतरावांच्या घरी गेला. म्हातारा ओट्यावर बसला होता. चेहरा उतरलेला, डोळे तांबारलेले. कायद्याचं त्यांच्याही कानावर आलं होतं, पण विचारायला तोंड होत नव्हतं.

"आबा, सायेब आला का मी सांगनार हाय, मी मजूर व्हतो म्हनून. जमीन तुमची हाय. तुमी झोपा निवांत."

हैबतरावांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी गेणबाचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"तू माझ्या पोटी आला न्हाईस, येवढंच रं गेनबा."

गंगू त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. पण गेणबाला बरं वाटत होतं. दिलं होतं त्याने. आजवर त्याच्यापाशी कुणाला द्यावं असं काही नव्हतंच.

पण माणसाचं मन कुणी सांगावं! हैबतरावांचा पुतण्या जयसिंग पुण्याहून आला. चुलतभावाचा मुलगा. कचेऱ्यांतून फिरलेला, चार बुकं शिकलेला, आणि म्हाताऱ्यामागे ही जमीन आपलीच हे धरून चाललेला.

"काका, तुमी भोळं ते भोळंच," तो म्हणाला. "आज ग्वाड बोलतोय. उद्या सायबानं इचारलं न् बायकोनं मागनं कोपरानं ढोसलं, का बदलंल. पार खालच्या आळीत दोन कुळं बदलली. मग काय करनार? पुन्यांदा वखारीत जानार लाकडं व्हायाला, या वयात?"

"गेनबा तसा न्हाई."

"नसंल. मग बेलभंडारा उचलायला काय जातंय त्येचं?"

एकदा सगळं पाण्यात गेलेलं ज्याने पाहिलं, त्याच्या काळजात धास्ती घर करून असते. तिला कुणी नुसतं बोट लावलं की ती जागी होते. हैबतराव दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी गप्प बसले.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी गेणबाला खंडोबाच्या देवळात बोलावणं आलं. त्याला वाटलं, आबांनी देवाला नारळ ठेवला असेल. तो अंघोळ करून, धुतलेली बंडी घालून गेला. देवळात गुरव होता, जयसिंग होता, आणि खांबाला टेकून खाली बघत हैबतराव होते. देवापुढच्या दगडावर बेलाचं पान आणि त्यावर चिमूटभर भंडारा.

"उचल," जयसिंग म्हणाला. "उचल आन् म्हन, उद्या सायबाम्होरं मी मजूरच म्हनून सांगीन."

गेणबाला आधी कळेचना. त्याने देवाकडे बघितलं, मग हैबतरावांकडे.

बेलभंडारा कुणी उचलायचा असतो? बांधावरून डोकी फुटलेल्या भावांनी. चोरीचा आळ आलेल्या गड्याने. ज्याच्या जिभेवर गावाचा भरवसा उरला नाही त्याला देवळात आणतात आणि मधे देवाला ठेवतात. गेणबाच्या घरात तीन पिढ्यांत कुणावर ही पाळी आली नव्हती.

"आबा, मी सांगितलं व्हतं की तुमास्नी."

"व्हय," हैबतराव खाली बघतच म्हणाले. "सांगितलं व्हतंस."

"आपनहून आलो व्हतो मी. कुनी बोलावलं नव्हतं."

"मनाला निवांतपना न्हाई रं गेनबा. नुस्ता उचल. येवढं कर माझ्यासाठी."

गुरवही बिचारा अवघडून गेला होता, उगीच समईची वात पुढे-मागे करत होता. मग गेणबा वाकला. त्याने पान उचललं, भंडारा कपाळाला लावला आणि जयसिंगने सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द म्हटलं. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणून झाल्यावर तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. पुढे केलेला अंगारा तसाच गुरवाच्या चिमटीत राहिला.

त्याला फार वाईट वाटलं होतं. जमीन जाणार म्हणून नव्हे, ती त्याने कधीच दिली होती. दिलेलीच वस्तू त्याच्याकडून हिसकावून घेतली, त्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीत गर्दी होती. साहेब तरुण होता, मऊ बोलणारा. अशी माणसं त्याने गावोगाव बघितली असणार, मान खाली घालून 'मजूर' म्हणणारी.

"भिऊ नका," तो म्हणाला. "कुणी दमदाटी केली आहे का तुम्हाला?"

"न्हाई जी."

"मग ही खाचरं कुणी कसली?"

"आबांनी. मी मजूर व्हतो."

"घाणेरी कुणी काढली?"

"मीच की. मजुरीनं."

"मजुरी काय मिळायची?"

हे काही गेणबाला कुणी पढवलं नव्हतं. तो अडखळला. बाजूला बसलेल्या हैबतरावांनी प्रथमच मान वर केली.

"भाकरी," गेणबा म्हणाला. "भाकरी मिळायची जी. संगट बसून."

कुणीतरी मागे हसलं. साहेब हसला नाही. त्याने हैबतरावांकडे एकदा बघितलं, आणि म्हाताऱ्याने पुन्हा मान खाली घातली. जमीन हैबतरावांकडे राहिली.

गंगू चावडीच्या बाहेर पिंपळापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. घरापर्यंत ती पुढे आणि गेणबा मागे, असे दोघं गेले. घरी पोचल्यावर तिने चूल पेटवली आणि भाकरी अशी थापायला लागली की परात वाजत होती. थोड्या वेळाने आवाज थांबला. पाठमोरीच म्हणाली, "बेलभंडारा उचलायला लावला त्येनी तुमास्नी?"

"कुनी सांगितलं?"

"गुरवाच्या बायकूनं." तिने पदराने डोळे पुसले. "जमिनीचं ऱ्हाऊ द्या वो. पन तुमास्नी बेलभंडारा?"

त्या दिवसानंतर जमिनीचा विषय तिने काढला नाही.

गेणबा खाचरावर जायचा बंद झाला. राग म्हणून नव्हे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, एवढंच. चौथ्या खाचरासाठी जयसिंगने भलतीकडून माणसं आणली. त्यांनी कोयते घेऊन घाणेरी वरच्या वर सपासप छाटली, ढीग पेटवला आणि जागा साफ झाली म्हणून निघून गेले. जयसिंगही पुण्याला गेला. गेणबा वाटेने जाताना ते बघायचा आणि त्याचे हात शिवशिवायचे. मग ताम्हिणीकडून पाऊस आला तो कोसळतच राहिला, आणि व्हायचं तेच झालं. चौथं खाचर तर पुन्हा गेलंच, पण तिथली घाणेरी बांध ओलांडून तिसऱ्यात उतरायला लागली.

लावणीच्या तोंडावर हैबतराव वाडीवर आले. इरलं डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. ती चढण त्यांच्या वयाला झेपणारी नव्हती. उंबऱ्याबाहेर बसून ते बराच वेळ धापा टाकत होते. गंगूने पाणी आणून दिलं.

"गेनबा, आला न्हाईस तू."

"बोलावलं न्हाईत जी."

"तुला बोलवायचं?"

"मजुराला बोलवावं लागतंय, आबा."

पाण्याचा तांब्या हैबतरावांच्या हातात तसाच होता.

"मग ये," शेवटी ते म्हणाले. "बोलावतोय. ये."

गेणबा गेला. काम त्याने पूर्वीसारखंच केलं, किंबहुना जास्तच. पावसात, चिखलात, एकेक खोड मुळासकट खणलं. तिसरं खाचर वाचलं, चौथं निम्मं निघालं. हैबतराव बांधावर उभे राहून बघायचे. कधी कोयता घेऊन मदतीला आले तर गेणबा म्हणायचा, ऱ्हाऊ द्या, मी हाय की. दुपारी तो वरच्या झाडाखाली जाऊन एकटा भाकरी खायचा. पहिल्या दिवशी हैबतरावांनी हाक मारली, "अरं हितं ये की, खर्डा आनलाय." तो तिथूनच म्हणाला, "खावा तुमी, माजं झालं." झालं नव्हतं, भाकरी हातातच होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. पुढे म्हाताऱ्याने हाक मारायचं सोडलं.

दिवाळीनंतर भात झोडला. साल चांगलं गेलं होतं. खळ्यावर आंबेमोहराची रास पडली आणि तिचा वास वाडीपर्यंत गेला. मळणीच्या शेवटच्या दिवशी गंगूही आली होती, पाखडायला. ऊन उतरलं तसं काम संपलं. गेणबाने हातपाय धुतले, उपरणं झटकलं आणि राशीपुढे येऊन उभा राहिला.

"निम्मं घेऊन जा गेनबा," हैबतराव म्हणाले. "दर साली नेतोस तसं. गंगे, सांग की गं त्येला."

गंगूने नवऱ्याकडे बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"निम्मं अर्धेलीवाल्याचं," गेणबा म्हणाला. "आजची मजुरी द्या, आबा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर हैबतरावांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. ते खाली बसले, मापाची अधोली घेतली आणि राशीतून भरली. भरल्यावर ओंजळीने वर भात टाकत राहिले. मापावर शीग चढली, आणखी चढली, कडांवरून दाणे ओघळायला लागले तरी त्यांचे हात थांबेनात. आमच्याकडे रीत अशी आहे की घरच्या माणसाला, वाटेकऱ्याला माप द्यायचं ते शीग चढवून. मजुराचं माप सपाट असतं.

गेणबाने उपरणं पसरलं. पण माप त्यात ओतायच्या आधी त्याने आपला तळवा अधोलीच्या काठावर ठेवला आणि सावकाश पलीकडे सारला. वरची सगळी शीग सरसर घसरून हैबतरावांच्या राशीत गेली.

"ऱ्हाऊ दे की रं," हैबतराव म्हणाले. "गेनबा, चुकलं माझं. ऱ्हाऊ दे."

"देवाम्होरं बोललोय, आबा," गेणबा म्हणाला. "तुमी ऐकलंय."

त्याने सपाट माप उपरण्यात ओतलं, चारी टोकं जमवून गाठ मारली. मग खाली सांडलेले चार दाणे वेचले आणि तेही राशीत टाकले. हैबतराव रिकामी अधोली मांडीवर घेऊन बसले होते.

गेणबाने गाठोडं उचलायला हात घातला, पण गंगू पुढे झाली. हीच बाई उन्हाळ्यात जमिनीसाठी त्याच्याशी भांडली होती. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. ते हलकं होतं, एका हातानेही राहिलं असतं. पण वाडीची चढण लागेपर्यंत ती ते दोन्ही हातांनी धरून चालत होती.